देण्याची अकरा वर्षं

आमच्या सासरी देणं फेडण्यात अकरा वर्षं गेली. तेवढ्या काळात घरात दुसरं काही साठलं नाही, किस्से मात्र साठले. आता लग्नकार्याला आम्ही जावा-नणंदा एकत्र बसलो की एकीनं तोंड उघडायचा अवकाश, दुसरी म्हणते, "तो नको, तो पाटल्यांचा सांग." नव्या सुना ऐकतात आणि त्यांना वाटतं, या बायकांचे दिवस मजेत गेले असणार. आता हसतो आम्ही. तेव्हा त्यातलं फार थोडं हसण्यासारखं होतं.

आधी माणसं सांगते. सासर जुन्नरच्या पेठेतलं, धान्याचं दुकान आणि थोडी सावकारी. आम्ही मारवाडी जैन, पण जुन्नरात तिसरी पिढी. मारवाडी बोलायचं ते लग्नातल्या गाण्यांत, नाहीतर रागात. सासऱ्यांना सगळे बापूजी म्हणत. घरात सासूबाई, थोरली जाऊ गुलाबबाई, मी आणि आमचे दोघींचे नवरे. बापूजींचे थोरले भाऊ काकाजी मुंबईला जवसाच्या सट्ट्यात होते. त्यांची बायको प्लेगात गेली, मूलबाळ नव्हतं.

एके दिवशी मुंबईहून तार आली. आठ दिवसांनी काकाजी स्वतःच आले, एक वळकटी घेऊन. त्यांचं सगळं बुडालं होतं आणि त्यांच्या शब्दावर जुन्नरातल्या लोकांनी दिलेलंही बुडालं होतं. आकडा किती, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. बायकांना आकडे सांगत नसत. घरातून एकेक वस्तू जायला लागली, त्यावरून आम्ही तो ओळखला.

*

बापूजी आधी वकिलाकडे गेले. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बरोबर नेलं होतं, म्हणून मला कळलं.

वकील भला माणूस. त्यानं समजावलं की ही देणी थोरल्यांची, तुम्ही केव्हाच वेगळे झालेले. थोरल्यांनी नादारीचा अर्ज करावा, तुमच्या दुकानाला कुणी हात लावणार नाही. बापूजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कोर्टातून सुटेन हो. पण घरी जायचा रस्ता पेठेतूनच आहे."

उठताना फी विचारली. दोन रुपये झाले होते. बापूजींनी खिसा चाचपला आणि म्हणाले, मांडून ठेवा.

वकील पुढे कितीतरी दिवस कचेरीत सांगत असे, "मी त्यांना देणं टाळायला शिकवत होतो, आणि उठताना ते माझंच देणं करून गेले."

*

पहिलं वर्ष आम्ही रडण्यातच काढलं. गुलाबबाई कोठीत जाऊन रडत, मी मागच्या दाराशी. सासूबाईंनी पंधरा दिवस बघितलं आणि दोघींना समोर बसवून नियम घातला. रडायचं तर जात्यावर बसून रडायचं. जात्याच्या घरघरीत रडण्याचा आवाज बाहेर जात नाही आणि काम होतं.

आम्ही तसं करायला लागलो. खरंच बरं वाटायचं. पण पीठ फार व्हायला लागलं. आमच्यात पावसाळ्यात पीठ फार दिवस ठेवत नाहीत, जीव होतात म्हणून. मग सासूबाई शेजारीपाजारी वाट्या पाठवायच्या. शेजारच्या यशोदाकाकूंनी एकदा विचारलंच, "शेटानीबाई, तुमच्याकडं देनं हाय म्हनत्यात, आन तुमी पीठ वाटताय?" सासूबाई म्हणाल्या, सुना कामाच्या मिळाल्यात.

एका सकाळी मी उठून आले तर जात्यावर सासूबाई. आदल्या दिवशीचे डबे भरलेलेच होते. मी समोर बसले आणि खुंट्याला हात लावला. दोघींनी मिळून दोन पायल्या बाजरी दळली. झाल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "गुलाबला सांगू नकोस. उद्या तीही बसेल, आणि घरात एवढं धान्य नाही."

*

मारवाडी कर्जात आहे यावर खेड्यातली माणसं विश्वासच ठेवत नसत. दुकानावर कर्ज मागायला येणं काही थांबलं नव्हतं.

आपटाळ्याच्या पलीकडून धोंडिबा नावाचा शेतकरी आला. मुलाचं लग्न काढलं होतं, पन्नास रुपये हवे होते. बापूजींनी सांगितलं की माझ्याकडे नाहीत, मीच दुसऱ्यांचं देणं लागतो. धोंडिबा हसला. म्हणाला, न्हाई द्यायचं तर सरळ न्हाई म्हना की शेट. आणि ओट्यावर बसून राहिला. दुपार टळली तरी हलेना. शेवटी बापूजी त्याला आत माजघरात घेऊन आले आणि भिंतीवरची लांब फळी दाखवली. पूर्वी तिच्यावर तांब्या-पितळेची भांडी ओळीनं मांडलेली असत. आता चार मडकी होती. धोंडिबानं फळी बघितली, आमचे काचेच्या बांगड्यांचे हात बघितले आणि निघून गेला.

चौथ्या दिवशी तो बैलाच्या पाठीवर तांदळाचं पोतं टाकून दारात उभा. म्हणाला, "ह्ये ठिवा. याज नगं. हुईल तवा द्या."

बापूजी कागद करायला बसले. व्यवहार म्हटला की कागद हवा, ही त्यांची सवय. धोंडिबानं कागद हातानं बाजूला सारला.

"आजवर आमी तुमच्या कागदावर अंगठं दिलं शेट. तुमचा अंगठा मला नगं."

मुलाचं लग्न त्यानं त्याच साली केलं, साधंसं. आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं.

*

सगळ्यात मोठं देणं हिराचंदशेठचं. त्यांचं कापडाचं दुकान पेठेच्या दुसऱ्या टोकाला, आणि मंदिर त्याच्या पुढे. बापूजी रोज सकाळी मंदिरात जायचे. शेठच्या दुकानावरून जायला नको म्हणून त्यांनी मागची बोळ धरली. बोळ अशी अरुंद की समोरून शेळी आली तर माणसानं भिंतीला चिकटावं. पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल. सासूबाई रोज धोतर धुताना पुटपुटायच्या, देवाला जातात की शेतात.

एक दिवस बोळीच्या मधोमध बापूजींना समोरून कोणी येताना दिसलं. एका हातात जोडे, दुसऱ्या हातात वर धरलेलं धोतर. हिराचंदशेठ!

मागे फिरायला जागा नव्हती. दोघं उभे राहिले. मग शेठच म्हणाले की तुम्ही दुकानावरून मान खाली घालून जाता, ते मला बघवत नाही, म्हणून तुमच्या मंदिराच्या वेळेला मीच या बोळीतून घरी जातो. गेले चार महिने असं चाललं होतं. दोघांच्या वेळा थोडक्यात चुकत होत्या, एवढंच.

बापूजी म्हणाले, मी तर तुमच्यासाठीच इकडून येत होतो.

शेठनी धोतर आणखी थोडं वर घेतलं. "हप्ता मी सोडणार नाही," ते म्हणाले. "पण हा चिखल आपण दोघांनी सोडायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवसापासून दोघंही पेठेतून जायला लागले.

*

हे नारायणगावला वसुलीला जायचे. जाताना पायी, येताना टांगा, असा बापूजींचा हुकूम होता, कारण येताना ऊन तापलेलं असे. एकदा ह्यांनी येतानाचं भाडं वाचवायचं ठरवलं. त्या पैशांतून मला एक फणी आणली. मी फणी बघितली, सुजलेले पाय बघितले आणि भडकले. दोन आण्यांनी आपलं देणं फिटणार होतं का, आणि फिटणार नव्हतं तर फणीचं काय अडलं होतं, असं बरंच बोलले. हे म्हणाले, "फिटणार नव्हतं. म्हणून तर आणली."

संध्याकाळी पाय शेकत होते तेव्हा विचारलं, टांगेवाला भेटलाच नाही का. तर म्हणाले, भेटला ना, रस्ताभर बरोबरच होता. त्यानं फुकट बसा म्हणून फार आग्रह केला. हे बसेनात. मग त्यानं ह्यांची पिशवी टांग्यात ठेवली, स्वतः खाली उतरला आणि घोड्याचा लगाम धरून ह्यांच्याबरोबर चालायला लागला. नारायणगाव ते जुन्नर. टांग्यात पिशवी, आणि दोघं गप्पा मारत पायी.

*

आता तो पाटल्यांचा.

गुलाबबाईंच्या माहेरच्या पाटल्या तिसऱ्या वर्षी गेल्या. बाहेर गेल्यावर हात मोकळे दिसू नयेत म्हणून सोनारानं गुपचूप तशाच पितळेच्या करून दिल्या, वर मुलामा देऊन. हे घरातल्या बायकांना आणि सोनारालाच ठाऊक.

त्या उन्हाळ्यात यशोदाकाकूंच्या मुलीचं लग्न निघालं, मुलगा घोडेगावचा. काकू येऊन म्हणाल्या, लेकीला चार दिवस घालायला तुमच्या पाटल्या द्या. गुलाबबाईंचा चेहरा उतरला. नाही म्हणावं तर इतक्या वर्षांचा शेजार, द्याव्या तर फसवणूक. शेवटी दिल्या. लग्नात आम्ही दोघी जेवलोच नाही. हळद लागली की मुलामा उडेल, घाम आला की हिरवा डाग पडेल, आणि घोडेगावच्या व्याह्यांसमोर काकूंची मान खाली जाईल, हेच डोळ्यांपुढे.

चार दिवसांनी पाटल्या फडक्यात बांधून परत आल्या, नारळासकट.

ही गोष्ट गुलाबबाईंना टोचत राहिली. दोन वर्षांनी त्यांनी काकूंना खरं सांगून टाकलं आणि पाया पडायला वाकल्या. काकूंनी त्यांना वरच्यावर धरलं.

"मला ठावं व्हतं गं. सोनाराची बायको माझ्याच घाटावर धुनं धुती."

मग मागितल्या कशाला, असं गुलाबबाईंनी विचारलं.

"गावात बोलाया लागले व्हते, शेटाच्या घरातलं समदं सोनं गेलं म्हनून. म्हटलं, लेकीच्या हातात घालून मांडवात मिरवू. आपल्या घरच्या लग्नात मागून आनल्यात म्हटल्यावर कोन म्हनल पितळ हाय?"

*

काकाजींबद्दल मी अजून काही सांगितलं नाही.

ते त्या दिवशी वळकटी घेऊन आले ते कायमचेच. घरात त्यांना कुणी वाकडा शब्द बोललं नाही. आम्ही काही मोठ्या मनाचे होतो असं नाही, बापूजींचा तसा हुकूम होता. काकाजी दिवसभर दुकानाच्या मागच्या खोलीत बसून धान्य निवडत, फाटकी पोती शिवत. मुंबईला ज्यांच्या हाताखाली चार गुमास्ते होते, ते.

जेवायला ते बापूजींच्या शेजारी बसत. पानात पडेल ते खात. अकरा वर्षांत त्यांनी तूप मागितलं नाही, पाणी मागितलं नाही, दुसरी भाकरी मागितली नाही. एकदा माझ्या हातून त्यांना वाढायचंच राहून गेलं. तर बाकीच्यांचं होईपर्यंत ते रिकाम्या ताटापुढे बसून राहिले आणि सगळ्यांबरोबर हात धुवायला उठले. ते कळल्यावर सासूबाईंनी त्या दिवशी स्वतःही अन्न घेतलं नाही. तेव्हापासून आमच्यातली एकजण फक्त त्यांच्या ताटावर नजर ठेवून उभी राहायची. त्यांना लहानपणी काय आवडायचं ते आठवून सासूबाई करायला लावायच्या. आवडीचं असो, नावडीचं असो, ते एकाच चेहऱ्यानं खायचे. बापूजी कधीकधी विचारायचे, "दादा, उद्या काय करायला सांगू?" उत्तर ठरलेलं. जे असेल ते.

शेवटचा हप्ता हिराचंदशेठचा होता. बापूजी सकाळी जाऊन तो देऊन आले. येताना पेढे नाहीत, काही नाही. शेठनी सही करून परत दिलेला कागद त्यांनी काकाजींपुढे ठेवला. काकाजींनी तो वाचला, घडी केली आणि परत बापूजींच्या हातात दिला. मग जेवायची वेळ झाली, तेव्हा पानं मांडली.

बाजरीची भाकरी, गवारीची भाजी आणि कढी होती. मी वाढत होते. काकाजींनी कढीची वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. मान वर केली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"कढीत मीठ कमी आहे."

माझा हात भाकरीच्या टोपलीवरच राहिला. ह्यांनी घास खाली ठेवला. चुलीपाशी बसलेल्या सासूबाई पदर पुढे ओढून उठल्या आणि मिठाचं भांडं काकाजींच्या पानाशेजारी नेऊन ठेवलं. काकाजींनी चिमूटभर मीठ घेतलं, बोटानं कढी ढवळली, पुन्हा घोट घेतला. म्हणाले, आता बरी झाली.

बापूजींनी आपलीही वाटी मिठाच्या भांड्याकडे सरकवली.

"खरंच कमी आहे," ते म्हणाले.

कढी मी केली होती. मीठ अगदी बरोबर होतं.