करवतीचं रुंद केलेलं भोक

माझ्या हातांना खाज होती, दुसरं काय! फ्रीगंजात फटफट्या दुरुस्त करायचो. दोन-चार गाड्यांच्या सिलिंडरमधलं धूर जायचं भोक कानशीने रुंद करून त्या पळवूनही दाखवल्या होत्या. लोक उस्ताद म्हणायला लागले, आणि मी शेफारलो.

माझा थोरला भाऊ देवास गेटाजवळच्या सरकारी लाकूड डेपोत कारकून होता. तिथे इंजिनावर चालणारी एकच विलायती करवत होती, तीही दादाच्याच गळ्यात पडलेली. मध्य भारत हे जुनं राज्य संपून नवं राज्य झालं, दफ्तरं भोपाळला निघाली आणि जास्तीच्या माणसांची यादी व्हायला लागली. भोपाळचे साहेब करवत चालताना बघणार आणि ठेवायची की नाही ते ठरवणार होते. करवत राहिली तरच दादाची नोकरी राहणार होती.

दोन दिवस आधी त्याने ती माझ्याकडे आणली. "फक्त साफ कर. नसते उद्योग करू नकोस, जशी चालते तशी चालू दे."

मी हो हो म्हटलं. तो गेल्यावर सिलिंडर काढला, भोकाच्या काठाला काजळी फासून कागदावर ठसा घेतला, पेन्सिलीने तो दोन्ही बाजूंनी वाढवला आणि दिवसभर कानस चालवली. दादाला सांगितलं नाही. म्हटलं, बघेल तेव्हा खूश होईल.

गाढवपणा कसला, तर मी दुरुस्त केलेल्या फटफट्यांच्या भोकात मधोमध एक उभा दांडा असायचा. पिस्टनची रिंग त्याच्या आधाराने भोकावरून सरकायची. करवतीच्या भोकात दांडा नव्हता. कानस हातात धरून दिवसभर त्याच भोकात डोळे घालून बसलो होतो, तरी मला मेल्याला दिसलं नाही!

साहेबांसमोर पहिला सागाचा ओंडका बघता बघता कापला गेला. साहेब "वाह!" म्हणाले. दादाने माझ्याकडे बघितलं आणि हसला. कित्येक महिन्यांत तो इतका मोकळा हसला नव्हता. दुसऱ्या ओंडक्यात अर्ध्यावर खाडकन आवाज झाला आणि इंजिन जाम. खोललं तर रिंग भोकात अडकून तुटलेली आणि सिलिंडर आतून पार ओरबाडलेला. काठावर माझ्या कानशीचे ताजे ओरखडे चमकत होते.

"ये मशीन किसने खोली थी?" साहेबांनी विचारलं.

दादाने आधी ते ओरखडे पाहिले, मग मला. "मैंने, साहब."

मी चार पावलांवर उभा होतो. आता बोलतो, मग बोलतो, असं करता करता साहेब जीपमध्ये बसून गेले. दादाचं नाव यादीत लागलं. घरी जाताना तो एवढंच म्हणाला, "माझ्यापुरतं निस्तरेल. तू घरात बोलू नकोस, तुझी रोजी त्या हातांवर आहे."

काय निस्तरलं? पुढे तो कुठेच टिकला नाही. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि तसाच एक दिवस तो वारला. खरं बोलण्याची हिंमत मला त्याच्या मागेही झाली नाही.

आजही सणावाराला वहिनी जेवायला बोलावतात. वाढता वाढता म्हणतात, "यांना मेली नसती हौस! ती मशीन स्वतः खोलण्यापेक्षा तुम्हाला दाखवली असती ना, भावजी, तर आज हे असते."

मी म्हणतो, "हो ना, वहिनी."