चौदाही बरोबर होतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती माझं गप्प बसणंसुद्धा ओळखते, पण हे तिलाही कळलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला वर्गात पाहिलेलं नाही. फळ्यासमोर मी फार भारदस्त दिसतो हो.

नागपुरात, हुडकेश्वरला, माझा स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो. संख्यामालिका, नातेसंबंध, गटात न बसणारा शब्द — सगळं तेच. आमच्याकडे एक रीत होती आणि तिचा मला भारी अभिमान. ज्याला माझं उत्तर पटलं नाही, त्यानं सरळ यायचं आणि माझ्या हातातून खडू घ्यायचा. त्याचं म्हणणं टिकलं तर मार्क त्यालाही. कावळा, चिमणी, वटवाघूळ, कोंबडी — यात वेगळं कोण? मी म्हणायचो वटवाघूळ, ते पक्षीच नाही. एकानं खडू घेतला आणि कोंबडी म्हणाला, कारण ती आभाळात उडत नाही. दिला त्याला मार्क. पोरं म्हणायची, सर हरतात पण हसतात. हसायचो, खरंच. पण केव्हा? बाहेरचं कोणी बघत नसायचं तेव्हा.

खडू घेण्यात सगळ्यांच्या पुढे दीपाली. कामठीहून शेअर ऑटोनं यायची, वडील हातमागावर कामाला. घरी तिला कोणी फार बोलू देत नसावं, कारण फळ्याजवळ आली की तिचा आवाजच बदलायचा. मला आवडायची ती. हे मुद्दाम सांगतोय — नावडती असती तर एक वेळ समजलं असतं.

त्या दिवशी मागच्या बाकांवर नव्या बॅचचे पालक बसले होते. क्लास बघायला आलेले. मी प्रश्न घातला — दोन, चार, आठ, पुढे काय? पर्यायांत सोळाही होतं आणि चौदाही. प्रश्न मीच काढलेला, घाईत. मी सोळा म्हणालो, कारण प्रत्येक संख्या दुप्पट होते. दीपाली उठली, खडू घेतला.

"सर, चौदा पण येते न. आधी दोन वाढले, मंग चार वाढले, आता सहा वाढन. मले तं चौदाच दिसून राहिलं."

बरोबर होतं तिचं. तिचं बोलणं संपायच्या आतच मला कळलं होतं. एवढंच म्हणायचं होतं — हो गं, दोन्ही बरोबर, माझाच प्रश्न कच्चा. रोज म्हणायचो की! पण मागून एक गृहस्थ मान वाकडी करून माझ्याकडे बघत होते, आणि मी —

मी नियम बनवला. तिथल्या तिथे, तोंडातून. म्हणालो, "दोन उत्तरं दिसली की सोपं ते खरं. परीक्षेचा नियमच आहे तो. एवढंही माहीत नाही?"

असा नियम कुठेच नाही. वर्ग हसला. पालकही हसले.

"माह्यं चुकलं, सर," ती म्हणाली आणि खडू माझ्या तळहातावर नीट ठेवला.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. मग तो नियम पोरांच्या तोंडी बसला. ती एकमेकांना ऐकवू लागली, आणि मीही ऐकत राहिलो. दीपालीनं पुन्हा कधी खडू घेतला नाही. पुढे परीक्षांत ती थोडक्यात राहिली. त्या नियमामुळेच राहिली का, मला माहीत नाही. कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. कामठीत शाळेच्या मुलांसाठी स्वतःचा क्लास काढला होता, उद्घाटनाला मीच हवा. गेलो. नारळ फोडला, शाल घेतली, पुढच्या खुर्चीवर बसलो. मग मला दाखवायला म्हणून तिनं मुलांना एक प्रश्न घातला. फळ्यावर लिहिलं — दोन, चार, आठ.

पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक पोर उठली. म्हणाली, चौदा. कसं, तेही सांगायला लागली.

दीपालीनं तिला मध्येच थांबवलं. अगदी मायेनं, बरं का. खडू दीपालीच्याच मुठीत होता. "दोन उत्तरं दिसले की सोपं ते खरं वं. नियमच आहे तो. ह्या सरांनीच मले शिकवला." आणि अभिमानानं माझ्याकडे वळून म्हणाली, "हो न, सर?"

मुलं माझ्याकडे बघत होती. या वेळी मागे कोणी पालक नव्हते. कोणीच नव्हतं.

मी मान हलवली. हो म्हणालो.

त्या पोरीनं वहीतलं चौदा खोडलं आणि सोळा लिहिलं.