चार फेऱ्यांपुरती ढोलकी

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. चाकूरच्या शाळेत पाचवीची मुलं नव्या जिल्ह्याचा नकाशा काढत होती आणि एक मुलगा कंपासपेटीवर बोटं वाजवत होता. मी रागावलो, तर म्हणाला, "हात आपसूक चालतेत, गुरुजी." तो रामकिशन.

पुढे त्यानं भीमगीतांची पार्टी काढली. तो बेंजो वाजवायचा, बायको पंचशीला गायची, ढोलकीवर शेषेरावकाका. त्याला ताल काकांनीच शिकवलेला.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात पार्टीतले बाकीचे कामाला पुण्याला गेले. आवाज भरावा म्हणून रामकिशननं पायानं दाबायचं यंत्र आणलं, लूपर. समोर वाजलेलं तिथंच टिपायचं आणि तेच फिरवत राहायचं. काकांची बोटं दुखायची, तेही त्याच्या मनात होतं.

"काका, ठेक्याच्या चार फेऱ्या वाजवा आन् निवांत बसा."

"मंग घरीच बशीव की मला," काका हसून म्हणाले.

भीमजयंतीच्या कार्यक्रमाला अध्यक्ष मी. भाषणात मी यंत्राचं कौतुकही केलं. काकांनी चार फेऱ्या वाजवल्या, हात मांडीवर ठेवले. ढोलकी वाजतच राहिली. लोक त्या रिकाम्या हातांकडे बघत होते.

रमाईच्या ओळीला पंचशीला लय सोडून गाते. काका तिथं ढोलकी थांबवायचे, ओळ संपली की उचलायचे. यंत्र थांबलं नाही. ती अडखळली. रामकिशननं घाईनं बटण दाबलं, पण बंद करायला ते दोनदा दाबावं लागतं. एकदा दाबलं की यंत्र आणखी टिपतं. तिचं अडखळणंही टिपलं गेलं आणि फिरून फिरून वाजू लागलं.

"वहिनीला बी मशीन बसवली का रं?" मागून कोणी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो, हे लिहायलाच हवं.

काकांनी उठून वायर उपटली. "गा, माय," म्हणाले आणि ढोलकी ओढली. रामकिशननं शेवटपर्यंत मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "काकान्ला वाटलं आसंल, मी त्येन्ला हटवायलोय."

"जाऊन सांग मग."

"कोन्या तोंडानं, गुरुजी?"

काकांसमोर जायला मलाही तोंड नव्हतं. काकांच्या गल्लीतून जाणं मी कितीतरी दिवस टाळलं. तो मात्र आठवड्यानं गेला. काकांच्या बोटांना तेल चोळलं आणि परत आला.

बोटं चालत नाहीत, म्हणून काका आता वाजवत नाहीत. पार्टीत यंत्राऐवजी त्यांची सून महानंदा ढोलकी वाजवते आणि रामकिशन तिच्या शेजारी बसून बेंजो वाजवतो.