कोळशातली बिजागरी

“सही करून टाका की मॅडम, कोळसाच तर आहे,” सावंत पुन्हा म्हणाले आणि माझा संशय वाढला.

मानपाड्याजवळ त्यांचं छोटं युनिट आहे. भंगार लाकूड बंद भट्टीत, हवा न देता तापवायचं. धूर नळीतून नेऊन थंड केला की तपकिरी, आंबट पाणी मिळतं. नर्सरीवाले ते फवारणीला नेतात. भट्टीत उरतो कोळसा. तो एका हॉटेलच्या तंदूरला जाणार होता आणि हॉटेलला लॅबचा रिपोर्ट हवा होता. नौपाड्यातली ती लॅब माझी.

“लाकूड कुठलं?” मी विचारलं.

“पॅकिंगची खोकी. दुसरं काही नाही.”

गेटजवळ खोकी होती खरी, पण मुलगी बघायला पाहुणे येणार असावेत इतकी आवरून ठेवलेली. सॅम्पलची पिशवीही तयार होती. मी ती बाजूला सारली आणि भट्टीपुढच्या गार झालेल्या ढिगात स्वतः हात घातला.

लाकडाचा कोळसा झाला तरी त्याचा आकार बराचसा तसाच राहतो. हाताला चौकटीचा तुकडा लागला. त्याला बिजागरी लटकत होती.

“खोक्याला बिजागरी?”

सावंत ओशाळले. “पाडलेल्या बिल्डिंगांच्या खिडक्या आहेत. लोकांची दारं-खिडक्या जाळतो, हे सांगायला बरं वाटत नाही हो.”

“आणि त्यावरचा ऑइलपेंट?”

“जळून जातो ना! अग्नीत सगळं शुद्ध होतं.”

“रंग जळतो, सावंत. जुन्या रंगातलं शिसं जळत नाही. ते विष कोळशात राहतं.”

हा वेड पांघरून पेडगावला जातोय, असं मला वाटलं. मी चिडून विचारलं, “हा कोळसा तुमच्या घरी वापराल?”

“म्हणजे काय! मुलगी बाळंतपणाला आलीय. तिच्या न् बाळाच्या शेकाच्या शेगडीत इथलाच...”

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. “अगं, शेगडी बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता! बाळाला दुसऱ्या खोलीत ने. कारण नंतर सांगतो.”



तपासणीत शिसं निघालं. मी तसाच रिपोर्ट दिला आणि हॉटेलची ऑर्डर सावंतांच्या हातून गेली. बाळाचं रक्त तपासलं, ते सुदैवाने ठीक निघालं. सावंत आता रंगवलेलं लाकूड यार्डात घेत नाहीत.

तेव्हापासून मी प्रत्येक मालकाला विचारते, “घरी वापरता का?” ‘हो’ म्हणाले, तरी ढिगात हात घालतेच. मनापासून बोलणारा माणूसही चुकीचं बोलू शकतो.