नावांचा कंट्रोलर

नाना आधी ग्लासातलं पाणी पिऊन टाकत. मग तो रिकामा स्टीलचा ग्लास तोंडाशी धरून, डोळे मिटून, यादीतलं नाव घोषणेच्या सुरात म्हणत. "पुन्हा एकदा ऐका," असं बजावून परत म्हणत. समोर ऐकायला मी आणि आमच्या ऑफिसातल्या सुनंदाताई, एवढेच. सुनंदाताईंना ते नाव कागदावर बरोबर उतरवता आलं, तर नाव चांगलं. नाही आलं, तर नाना ग्लास पालथा घालत आणि म्हणत, "गाडी रद्द."

तुम्हाला हा वेडाचार वाटेल. पण तो आमचा धंदा होता. वेबसाइटचं नाव कायमचं कोणाचं नसतं, मुदत संपायच्या आत पैसे भरून ते आपल्याकडे ठेवावं लागतं. लोक विसरतात, कंटाळतात, मरतातही. मग ते नाव बाजारात येतं. अशी सुटलेली नावं आम्ही घ्यायचो आणि ज्याला हवी त्याला विकायचो. घेण्याआधी कोणीतरी सांगावं लागतं, की हे विकलं जाईल की गळ्यात पडेल. जळगावात, मेहरूणच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर हे सांगायला नाना होते. त्यांनी स्वतः एकही वेबसाइट कधी उघडली नव्हती.

ते एसटीच्या धुळे स्टँडावर कंट्रोलर होते. उभी नोकरी माइकसमोर गेली. निवृत्तीनंतर मुलाकडे जळगावला आले. एकदा खालच्या दुकानात झेरॉक्स काढायला आले असताना मी वर फोनवर एका गिऱ्हाइकाला चौथ्यांदा स्पेलिंग सांगत होतो. नाना जिना चढून वर आले. ओळख ना पाळख, दारातूनच म्हणाले, "भाऊ, चारदा सांगावं लागतं ते नाव नाही, तक्रार आहे." दुसऱ्या दिवशी मी त्यांना खुर्ची दिली.

त्यांनी नावांचे तीन दर्जे पाडले. साधी, निमआराम आणि विनाथांबा. जे नाव मधे कुठे न अडखळता थेट कानात जाऊन उतरतं ते विनाथांबा, त्याला म्हणू ती किंमत. नावात मधे आडवी रेघ असली की "हे फाटक पडलं." आकडा असला की "पंक्चर." माझ्याकडे किंमत सांगणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्याचं आणि नानांचं बहुतेक जमायचं, फक्त सॉफ्टवेअरला चहा लागत नसे.

एकदा इंग्रजीतल्या 'नाइट'वरून, म्हणजे घोड्यावरच्या सरदारावरून, केलेलं एक नाव आलं. नानांनी स्पेलिंग बोटाने तपासलं. "हा के कोण? हे जी आणि एच? बोलताना तर दिसत नाहीत."

"ते सायलेंट असतात, नाना."

"म्हणजे तिघं विनातिकीट. गाडी रद्द."

पुढे ते नाव दुसऱ्या कोणीतरी घेऊन चांगल्या भावाने विकलं. मी जरा चिडूनच नानांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तपासनीस चढला नाही, म्हणून काय तिकीट काढलं होतं?"

अशात एक दिवस यादीत एक विचित्र नाव आलं. abakotheshe. मला ते जपानी वाटलं. सॉफ्टवेअरने मात्र किंमत भलतीच दाखवली, कारण बऱ्याच वर्तमानपत्रांच्या जुन्या बातम्यांत या वेबसाइटचा पत्ता होता. त्या बातम्या वाचणारा माणूस आपोआप तिथे पोचणार. अशा आयत्या गर्दीवर टपलेलं माझं एक गिऱ्हाईक होतं, पैसे लावून पत्ते खेळवणारं. त्याने संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायला सांगितलं. मला पैशांची फार गरज होती. नसती तरी मी विकलं असतं, हे खरं बोलून टाकतो.

नानांना मी आपलं रीत म्हणून विचारलं. त्यांनी ग्लास तोंडाशी धरला, एक-दोन अक्षरं म्हणाले आणि ग्लास खाली ठेवला.

"आबा कोठे शे," ते म्हणाले. "हाई नाव नही रे भाऊ. हाक शे."

जळगावात जन्मून मला अहिराणीतलं 'आबा कुठे आहेत' वाचता आलं नव्हतं. आम्ही त्या वेबसाइटचं जुनं पान शोधून काढलं. पांढरी टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो होता. शिरपूरकडचं गाव. आबांना विसरायला होतं, स्वतःचं नाव सांगतात, गाव सांगता येत नाही. धुळे स्टँडावरून हरवले. कोणाला दिसल्यास कळवा. खाली त्यांच्या मुलीचा नंबर.

"आतापर्यंत सापडलेही असतील," मी म्हणालो.

"मग फोन लाव. सापडले असतील तर खुशाल विक."

मी स्पीकरवर फोन लावला. वेबसाइटबद्दल बोलायचं होतं, एवढंच म्हणालो असेन. पलीकडून एकदम आवाज आला, "आबानं काही समजनं का?"

आबांचा काही पत्ता लागला का, असं ती विचारत होती. नानांनी फोन जवळ ओढला. "नही माय, आजून नही," ते म्हणाले. मग हळूहळू कळलं. पैसे सुरतचा भाऊ भरायचा. आता कशाला, म्हणून त्याने सोडून दिलं होतं. पान बंद पडल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. ती फोनची वाट बघत होती.

फोन ठेवल्यावर नाना माझ्याकडे न बघता बोलले. "स्टँडावर हरवलेल्या माणसाचं नाव मी दोनदा पुकारून थांबत नव्हतो. गाड्या सुटायच्या, मी पुकारत राहायचो. कोणी येईस्तोवर."

गिऱ्हाइकाला मी 'नाही' म्हणून कळवलं. ते नाव आम्हीच घेतलं, पान होतं तसं परत लावलं. एक नंबर पुरत नाही म्हणून नानांनी खाली आपलाही नंबर घालायला लावला. सौदा बुडाला म्हणून त्या दिवशी मी त्यांच्यावर रागावलो होतो. आज त्या रागाची लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. तो नंबर कोणीतरी सांभाळायला हवा, म्हणून त्यांच्या मुलाने फोन माझ्याकडे आणून दिला. त्यावर बहुतेक कर्ज देणाऱ्यांचेच फोन येतात.

पंधरा दिवसांनी आबांच्या मुलीचा आला. ती दर अमावस्येला नानांना फोन करायची, हे मला तेव्हा कळलं. नाना आम्हाला कधी बोलले नव्हते. मी तिला नाना गेल्याचं सांगितलं.

"मंग आते फोन कोनले करू?" तिने विचारलं.

"मला करा, ताई."

ती करते. मी "अजून नाही" म्हणतो. नानांना हे दर महिन्याला कसं जमत होतं, मला माहीत नाही. मी त्या दिवशी फोन उचलण्याआधी नानांच्या ग्लासातलं पाणी पिऊन टाकतो.