माने सरांचं कच्चं पत्र

स्टाफरूममध्ये किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. एखाद्याची बदली होते, तो कपाटातलं सामान घेऊन जातो आणि किस्से इथंच ठेवून जातो. नवा येणारा त्यात आपलं मीठ घालतो. मी गणिताचा मास्तर, त्यामुळं मोजून घालतो, एवढंच.

आमचं हायस्कूल आटपाडीच्या अलीकडं. मराठीला दोन शिक्षक. भांडण नको म्हणून हेडमास्तरांनी विषयाची वाटणीच करून टाकली: व्याकरण माने सरांना, धडे आणि कविता लाड मॅडमना. भांडण तिथूनच सुरू झालं!

*

एकदा तपासणीला साहेब आले. चहा पिता पिता सहज म्हणाले, "व्याकरण आणि साहित्य यात फरक काय हो?"

माने सर ताठ उभे राहिले. "साहेब, व्याकरणात दहापैकी दहा पडतात."

लाड मॅडम बसूनच म्हणाल्या, "आणि साहित्यात साडेसहा. तेही तपासणाऱ्याचं जेवण झालं असेल तर!"

साहेबांनी शेरा लिहिला, 'मराठी विभाग जागरूक आहे.'

*

आमचा शिपाई बबन शिराळ्याचा. सापाला तो पाहुण्यासारखा ओळखतो. तोच एकदा दारात येऊन ओरडला, "सर, साप! खुर्चीखाली!"

माने सर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "कुणाच्या खुर्चीखाली? नीट सांग."

"आवं, नीट सांगूस्तवर तुमी ऱ्हायला पायजे न्हवं!"

पुढच्या क्षणी सर टेबलावर होते. निघाली बिनविषारी धामण. टेबलावरूनच सर बबनला म्हणाले, "हे आधी सांगायचं!"

*

आठवीतल्या एका मुलीनं निबंध लिहिला. विषय, आमच्या घरचा प्राणी. तिनं लिहिलं होतं, 'शेळी मेली तवा आई जेवली न्हाई. मी जेवले. मला लय भूक लागली हुती.' संपला निबंध.

माने सरांनी त्यावर लाल पेनानं चार गोल काढले. ती वही लाड मॅडमच्या हातात पडली. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि त्या चार गोलांच्या मधोमध लिहिलं, 'शाब्बास.'

पोरगी वही घेऊन स्टाफरूममध्ये आली. "सुधारून लिवू का तसंच ठिवू?"

"सुधार!" सर म्हणाले.

"ठेव!" मॅडम म्हणाल्या.

पोरगीनं दोघांकडं बघितलं. "मग दोन वह्या घालते."

*

याच लाल पेनानं सरांचं घरातलं माणूस घालवलं होतं.

सरांचे थोरले भाऊ माण तालुक्यातल्या त्यांच्या गावीच असतात. फौजेत सुभेदार होते. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्यानं शाळा सोडून भरतीची रांग धरली आणि धाकट्याला बी.एड.पर्यंत शिकवलं. थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला आणि छापून आलेली पहिली पत्रिका कौतुकानं भावाच्या हातात दिली.

सरांनी खिशातनं पेन काढलं. भरल्या घरात, पाहुण्यांच्या देखत चौदा चुका काढून पत्रिका परत दिली!

दादांनी ती बघितली. "लय शिकलास गड्या," एवढंच म्हणाले. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद, फोनसुद्धा उचलायचे नाहीत.

*

यंदा सर रिटायर व्हायचे होते. त्यांना हार नको होता, शाल नको होती. निरोप समारंभाला पहिल्या रांगेत दादा बसलेले हवे होते. फोन घेत नाहीत म्हटल्यावर सरांनी पत्र लिहिलं आणि लाड मॅडमपुढं ठेवलं. "एक चूक दाखवा."

मॅडमनी वाचलं. "चूक एकही नाही, सर. पण हा रजेचा अर्ज आहे."

दुसरं लिहिलं. "हा सवेतन रजेचा," मॅडम म्हणाल्या.

मग सर आठ दिवस लिहीत बसले. चार पानं झाली, सगळी खाडाखोड. त्यावरून सात ओळींचं पक्कं पत्र तयार केलं. मॅडमना दाखवायचा धीर झाला नाही.

सरांची पद्धत अशी, की कच्चं असो वा पक्कं, प्रत्येक कागद फाईलला. त्या गडबडीत पक्कं पत्र फाईलला लागलं आणि कच्चं लिफाफ्यात गेलं. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली आणि सर पोस्टात धावत सुटले. थैली गेली होती.

"दादा काय म्हणेल? व्याकरणाचा मास्तर, आणि असलं पत्र!"

लिफाफा कुणी चिकटवला यावर स्टाफरूममध्ये मतभेद आहेत. काही जण माझं नाव घेतात. गणितात पुरावा लागतो.

*

पत्राला उत्तर आलं नाही. समारंभाच्या दिवशी हेडमास्तर भाषण करत होते आणि सर फाटकाकडं बघत होते. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी. बबन त्या खुर्चीवर कुणाला टेकू देत नव्हता.

भाषण निम्म्यात असताना कडक बूट वाजवत दादा आले. इस्त्रीचा सफारी, वरच्या खिशात घडी घातलेली चार पानं.

सर व्यासपीठावरून उतरून थेट त्यांच्यापुढं गेले. पायाला हात लावायचं राहिलंच. "दादा, माझी चूक झाली. ते कच्चं होतं. पक्कं फाईलमध्ये हाय, आत्ता आणतो. त्यात काय बी खोडल्यालं न्हाई."

दादांनी भावाचा दंड धरला आणि बबननं शेजारी सरकवलेल्या खुर्चीत बसवलं.

"ऱ्हाऊ दे. जेवढं खोडलंयस, तेवढंच वाचलंय मी."