लेकीच्या कॉम्प्युटरचा पहिला दसरा

संपानंतर आमच्या ह्यांची मिल काही पुन्हा धड चालली नाही. हे मागावर होते. पुढे बरीच वर्षं वॉचमनकी केली. मग लेक मराठी टायपिंग शिकली नि लालबागच्या आमच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आला. गिरगावातल्या एका छापखान्याच्या लग्नपत्रिका ती जुळवायची. घर त्यावरच चाललेलं म्हणा ना.

आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पडदा काळा! खालची पेटी गुरगुरतेय, पंखा फिरतोय, चित्र तेवढं गुल. आपोआप परत यायचं, हुश्श म्हणेस्तोवर पुन्हा अंधार. त्यात छापखान्याच्या मालकाचा निरोप, दिवेलागणीपर्यंत पत्रिकांची फ्लॉपी आली नाही तर यापुढचं काम दुसऱ्याला देतो.

लेकीने विजेची पिन दुसऱ्या बोर्डात लावली, उजेडाचं बटण फिरवून पाहिलं. काही नाही. शेजारणीच्या मिक्सरने वीज कमी पडते की काय म्हणून तोही बंद करायला लावला.

"तुझ्या टीव्हीपायी माझं खोबऱ्याचं वाटप अडलंय गो!"

"टीव्ही नाही मावशी, कॉम्प्युटर."

"काळाच दिसतो, मग फरक काय?"

मला हसू आलेलं, पण लेकीचा चेहरा बघून गिळलं. नवा पडदा आणणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. चित्र येईल तेवढ्यात ती चार अक्षरं मारायची, आणि काळं झालं की अंदाजानेच सेव्हची बटणं दाबायची. हे दारात उभे राहून बघत होते.

खालून मसाल्याचा ट्रक गेला, टेबल थरथरलं, चित्र गेलं.

"अगं, हललं की जातंय," मी म्हटलं.

तिने पडद्याची मागची वायर हलवली. आलं. गेलं. आलं. सगळं बंद करून तिने वायरीचं टोक उपसलं, तर बोटं लाल.

"आई, रक्त!"

मी वाकून बघितलं. कसलं रक्त, कुंकू होतं! टोकातल्या बारीक काड्यांवर ओलं लावलेलं, सुकून खपली धरलेली.

दारातून आवाज आला, "काल पुसून पूजा केलंय ना. मागाच्या धोट्याच्या टोकाक लावतो, तसाच लावलंय."

मिल सुटल्यापासून दसऱ्याला पूजायला ह्यांच्याकडे यंत्रच नव्हतं हो.

आता ही भडकणार असं मला वाटलं. तिने टोक उजेडात फिरवून बघितलं. मग म्हणाली, "बाबा, स्पिरिटची बाटली द्या. आणि जुना ब्रश."

ह्यांनी बाटली धरली, तिने घासलं. टोक बसवून दोन्ही स्क्रू आवळले. चित्र आलं. मी मुद्दाम टेबलाला धक्का दिला. राहिलं!

दिवेलागणीआधी काम संपलं नि फ्लॉपी घेऊन हेच गिरगावला धावले. ते जिना उतरताना लेक वरून ओरडली, "बाबा, पुढल्या वर्षी कुंकू बाहेरून खोक्याला हां!"

"आणि हार?" खालून विचारलं.

"हार चालेल."